मापातले पाप आणि मापातली चूक : सोनगीर, पाटण आणि खानदेशातील मोजणीची कथा

१/
काटा मारणारा दुकानदार किंवा माप मारणारा व्यापारी दिसला, की मराठी माणूस ‘मापात पाप’ हे दोन शब्द उच्चारतो. परंतु कोणीही पाप केलेले नसताना माप चुकते, त्याचे काय? दोर ओला होतो, साखळी ताणली जाते, नाणे झिजते, सावलीची कड धूसर असते. या चुकीसाठी आपल्याकडे म्हण नाही. भौतिकशास्त्रात तिचा विचार ‘मापनाची अनिश्चितता’ या नावाने होतो. खानदेशाच्या इतिहासात या दोहोंमधला भेद वारंवार महत्त्वाचा ठरला आहे. हा धागा त्या भेदाविषयी आहे.

२/
आरंभ सोनगीरपासून करू. धुळ्याहून मुंबई-आग्रा मार्गाने उत्तरेकडे निघाले, की सुमारे २० किलोमीटरांवर हे गाव लागते. गावाशेजारी टेकडीवर लांबट, चिंचोळा किल्ला आहे. सोनगीरची ख्याती मात्र किल्ल्याइतकीच तांब्या-पितळेच्या भांड्यांची आहे. या धंद्यात प्रत्येक व्यवहार वजनावर चालतो. भांड्याची किंमत म्हणजे धातूचे वजन गुणिले भाव, अधिक मजुरी. गिऱ्हाईक जुनी मोड घेऊन आले, तर ती मोडही तोलली जाते. देताना तोलायचे आणि घेतानाही तोलायचे. अशा पेठेत तराजू हा धंद्याचा पाया असतो.

३/
या तराजूची एक जुनी युक्ती आहे : पासंग. रिकामी पारडी समतोल नसतील, तर हलक्या बाजूला एखादा खडा किंवा धातूचा तुकडा बांधतात. काटा मध्यावर येतो आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते. पण पासंगाने एकच दोष जातो. दांडीच्या दोन भुजा असमान असतील, तर रिकामा काटा मध्यावर असूनही प्रत्येक तोल चुकतो. एक भुजा १०० भाग आणि दुसरी १०१ भाग असेल, तर शेकडा एक इतकी चूक कायम राहते. उपाय सोपा आहे. वस्तू आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलावे. दोन्ही उत्तरे एकच आली, तर दांडी खरी. वेगळी आली, तर त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हे खरे वजन.

४/
येथेच तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. दुकानदाराने मुद्दाम हलके वजन ठेवले, तर ते पाप. दांडीच्या भुजा असमान असणे ही पद्धतशीर चूक. ती दर वेळी एकाच दिशेने पडते आणि शंभर वेळा तोलूनही नाहीशी होत नाही. काटा थरथरणे, वारा लागणे, डोळ्याचा अंदाज इकडे तिकडे होणे ही यादृच्छिक चूक. ती कधी वर, कधी खाली पडते आणि अनेक मोजण्यांची सरासरी घेतली, की आटोक्यात येते. पापाला दंड करता येतो. चुकीला दंड करून उपयोग नसतो. तिचा आकार शोधावा लागतो आणि तो सांगावा लागतो.

५/
आता आठ शतके मागे जाऊ. धुळ्याच्या दक्षिणेला, चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा. त्या काळी यादव राजा सिंघण राज्य करीत होता आणि या प्रदेशात त्याचे मांडलिक निकुंभ घराणे होते. सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी चांगदेव हा गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून त्याने येथे मठ स्थापला. निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला.

६/
लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र मराठी येते, आणि ती येते ती पेठेतील देण्याघेण्याचा तपशील सांगण्यासाठी. विकल्या जाणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल कसे द्यायचे, हे त्यात आहे. त्यातच एक अट अशी आहे, की जे काही मापायचे, ते मठाच्या मापाने मापावे. आणि मापण्याबद्दल मिळणाऱ्या उत्पन्नात अर्धा वाटा मठाचा, अर्धा माप घालणाऱ्याचा. ज्या मठात ग्रहांचे गणित शिकवले जात होते, त्याच मठाचे माप पाटणच्या बाजारात प्रमाण ठरले होते. प्रमाण माप कोणाच्या तरी हाती असावे लागते आणि त्या हातावर लोकांचा विश्वास असावा लागतो, ही जाण येथे दिसते.

७/
त्या मठात ‘लीलावती’ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभी काय भेटत असे? परिभाषा, म्हणजे एककांची कोष्टके. दोन यवांची एक गुंज, तीन गुंजांचा एक वाल. आठ यवोदरांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश, चार क्रोशांचे एक योजन. बेरीज-वजाबाकीच्या आधी एकके यावीत, ही रचना बोलकी आहे. एककाविना संख्या निरर्थक असते, हा आजच्या भौतिकशास्त्राचाही पहिला धडा आहे. मात्र या कोष्टकाचा पाया धान्याच्या दाण्यावर आहे, आणि सगळे दाणे सारखे नसतात.

८/
याच ग्रंथात अनिश्चिततेची जाणीवही आहे. वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी भास्कराचार्य दोन गुणोत्तरे देतात. ३९२७/१२५० हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल, व्यवहाराला पुरेसे. पहिल्याची किंमत ३.१४१६, दुसऱ्याची सुमारे ३.१४२९. आता १० हात व्यासाच्या विहिरीचा काठ बांधायचा आहे असे समजू. दोन उत्तरांतला फरक एका अंगुळाच्या सुमारे तृतीयांशाइतका येतो. गवंड्याच्या दगडाच्या सांध्यातच तो मावून जाईल. पृथ्वीचा परीघ काढताना मात्र तोच फरक योजनांत मोजावा लागेल. ‘बरोबर’ हा शब्द कामाच्या गरजेशी बांधलेला आहे, ही गोष्ट ‘लीलावती’ने ११५० मध्ये दोन अपूर्णांकांत सांगितली.

९/
‘गोलाध्याया’त ते म्हणतात, की विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे उज्जैन, पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतक्या अंतरावर आहे. म्हणजे अक्षांश २२.५ अंश. आजच्या मोजणीने उज्जैन सुमारे २३.२ अंशांवर येते. जमिनीवर हा फरक सुमारे ७५ किलोमीटरांचा होतो. मोठा वाटतो, पण तो सावलीत किती दिसतो, ते पाहावे. विषुवदिनी मध्यान्हीला १२ अंगुळांच्या शंकूची सावली मोजून अक्षांश काढण्याची रीत होती. दोन अक्षांशांच्या सावल्यांत फरक पडतो अंगुळाच्या सुमारे सहाव्या हिश्शाचा. आणि सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब असल्यामुळे सावलीची कडच जवळजवळ तितकी धूसर असते. येथे निष्काळजीपणाचा संशय घेण्याचे कारण नाही. त्या उपकरणाची सीमाच तेवढी आहे.

१०/
आकाशाकडून जमिनीकडे येऊ. मराठी मुलखात शेत काठीने मोजले जात असे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन काठीचे परिमाण दिले आहे : पाच हात पाच मुठी, म्हणजे ८२ तसू, हात १४ तसूंचा. लांबी-रुंदी २० काठ्यांची, की एक बिघा. हातावर पाच मुठी, असे सांगितल्यावर प्रश्न उरतो, हात कोणाचा? म्हणूनच तसूंची संख्या नोंदवणे महत्त्वाचे होते. शरीरावरून आलेले एकक एकदा तसूंत बांधले, की मोजणाऱ्याच्या उंचीवर ते अवलंबून राहत नाही. एककाचा इतिहास हा बहुधा असाच असतो. अंगावरून सुरुवात होते आणि हळूहळू माप माणसापासून सुटे होत जाते.

११/
मोजण्याचे साधन स्वतःच बदलत असेल तर? ‘आईन-इ-अकबरी’त याचे सुंदर उदाहरण आहे. जमीन तागाच्या दोराने मोजली जाई. दोराला ओल लागली, की तो आखडे. सुकला, की लांबे. आखडलेल्या दोराने मोजले, तर तेच शेत अधिक भरते आणि रयतेवर अधिक सारा बसतो. एकाच शेताची सकाळी एक आणि दुपारी दुसरी मोजणी. अकबराच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी दोराऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली गेली. पुढे १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. ज्या सत्तेखाली हा प्रदेश आला, तिला दोराच्या ओलाव्याचा राजकीय अर्थ आधीच उमगला होता.

१२/
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला. दख्खनमध्ये त्यांनी जमीनमोजणीचा पहिला मोठा प्रयत्न केला तो रॉबर्ट कीथ प्रिंगल याच्या देखरेखीखाली, १८२० च्या दशकाच्या अखेरीस. त्या मोजण्या आणि त्यांवर बसवलेला सारा टिकला नाही. चुका आणि लबाड्या दोन्ही त्यात शिरल्या होत्या. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने पद्धतीला पक्के रूप दिले. पुढे तीच पद्धत खानदेशात आली.

१३/
तिचे मुख्य साधन होते शंकू आणि साखळी. शंकू काटकोन साधण्यासाठी, साखळी लांबी मोजण्यासाठी. सावलीचा शंकू वेगळा आणि हा वेगळा, पण मराठीने दोघांना एकच नाव दिले. साखळीची लांबी ३३ फूट. तिच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही गावोगाव ज्या गुंठ्यावर भाऊबंदकी चालते, तो या साखळीचा वारसा आहे. मोजणीदाराच्या कामाचा ठरावीक हिस्सा वरचा अधिकारी स्वतः पुन्हा मोजून तपासत असे. मोजणीवर मोजणीने पहारा ठेवण्याची ही व्यवस्था महत्त्वाची होती. प्रिंगलच्या फसलेल्या प्रयत्नानंतर तिची गरज वेगळी सांगायला नको होती.

१४/
तरीही साखळीला तिचे स्वभाव होते. सोनगीरच्या टेकडीच्या पायथ्याशी २० एकरांचे, म्हणजे ८०० गुंठ्यांचे, चौरस शेत कल्पू. ओढाताणीने कड्या झिजून साखळी ३३ फुटांऐवजी ३३ फूट एक इंच झाली, तर लांबीत शेकडा पाव इतकी चूक येते आणि क्षेत्रात शेकडा अर्धी. म्हणजे ८०० गुंठ्यांत सुमारे चार गुंठे कमी भरतात. फायदा रयतेचा. उलट कड्या वाकून साखळी एक इंच आखूड झाली, तर चार गुंठे अधिक भरतात आणि न कसलेल्या जमिनीचा सारा रयत भरते. मोजणीदार प्रामाणिक असला, तरी हे टळत नाही. पद्धतशीर चूक ती हीच. साखळी वेळोवेळी प्रमाण लांबीशी ताडून पाहणे, एवढाच त्यावर इलाज.

१५/
खानदेशच्या उन्हाचे काय? हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत साखळीच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर लोखंडी साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. ८०० गुंठ्यांत त्याचा परिणाम सुमारे अर्ध्या गुंठ्याचा. झिजेच्या मानाने हे थोडे. साखळी टाकताना हात इकडे तिकडे होणे ही तिसरी बाब. त्या शेताच्या एका बाजूवर साखळी साधारण २८ वेळा पडते. दर वेळी एक इंचाची यादृच्छिक चूक झाली, तर एकूण चूक २८ इंच होत नाही; अधिक-उणे एकमेकांना खातात आणि ती २८ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे सव्वापाच इंच उरते. झिजलेली साखळी मात्र पूर्ण २८ इंच फसवते.

१६/
क्षेत्र हा साऱ्याचा निम्माच हिशेब. जमिनीची प्रतही ठरवायची होती. प्रतबंदीसाठी शेताचे नकाशावर भाग पाडत आणि प्रत्येक भागात मातीची खोली पाहत. उत्तम काळ्या मातीची खोली पावणेदोन हात असेल, तर १६ आणे. दीड हात असेल, तर १४. सव्वा हात १२. एक हात १०. पाऊण हात ८. अर्धा हात ६. पाव हात साडेचार. मातीत चुनखडी असेल, वाळू असेल, उतार असेल, पाणी साचत असेल, तर त्या दोषासाठी ठरलेली खूण करायची आणि प्रत एका पायरीने खाली आणायची. शेवटी सर्व भागांची सरासरी. आण्यांत मांडलेली जमिनीची ही गुणपत्रिकाच होती.

१७/
आता दोन चुका शेजारी ठेवून पाहाव्यात. साखळी एक इंचाने चुकली, तर सारा शेकडा अर्ध्याने चुकतो. खड्डा खणताना मुरूम कोठे लागला यावर पाव हाताचे, म्हणजे साधारण साडेचार इंचांचे, मतभेद झाले, तर १२ आण्यांचे १० आणे होतात. साऱ्यात सहाव्या हिश्शाचा फरक. साखळीच्या चुकीपेक्षा तीस पटींहून मोठा. कागदावर मात्र क्षेत्र गुंठ्यापर्यंत आणि आकार नेमक्या रकमेत लिहिला जाई. ती रक्कम किती इकडे तिकडे असू शकते, हे सांगणारा रकाना नव्हता. आणि दर तीस वर्षांसाठी बांधलेले असत. एकदा पडलेली चूक एका पिढीला पुरत असे.

१८/
१८५२ मध्ये खानदेशात या मोजणीविरुद्ध मोठा असंतोष उसळला. सावदा, रावेर, चोपडा या पूर्वेकडील भागांत लोक मोठ्या संख्येने जमले आणि मोजणी थांबवावी अशी मागणी करू लागले. सारा वाढेल, ही भीती त्यांच्या मनात होती. जुन्या व्यवस्थेत वजन असलेल्या वतनदारांचेही हितसंबंध त्यात गुंतलेले होते. सरकारने लष्कर बोलावले, पुढारी पकडले आणि मोजणी पुढे चालू झाली. हा प्रसंग ‘अज्ञानी रयत विरुद्ध शास्त्रीय मोजणी’ असा रंगवणे सोपे आहे, तसेच ‘जुलमी साखळी विरुद्ध शूर शेतकरी’ असेही. दोन्ही चित्रे अपुरी आहेत.

१९/
मोजणीची पद्धत त्या काळाच्या मानाने काळजीपूर्वक बांधलेली होती, हे खरे. आणि जिचा परिणाम तीस वर्षे भोगायचा, त्या मोजणीवर रयतेला बरोबरीने प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, हेही खरे. सोनगीरच्या पेठेतले गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणू शकते, ‘पारडी बदलून तोला.’ सरकारच्या साखळीला असे सांगणारा शेतकरी उपद्रवी ठरण्याचा धोका होता. मापातील चूक सांगितली जात नाही आणि तपासूही दिली जात नाही, तेव्हा ती भोगणाऱ्याला पापासारखीच दिसते. १८५२ च्या संतापाचा एक धागा येथे सापडतो.

२०/
धान्याच्या बाजारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. धान्य वजनाने न देता पायली, शेर, अधोली अशा मापांनी देत. माप सपाट भरायचे, की शीग लावून? दाण्यांचा ढीग आडव्याशी साधारण २५ ते ३० अंशांचा कोन करतो. उंची आणि व्यास सारखे असलेल्या मापावर शीग चढवली, तर सुमारे बाराव्या हिश्शाइतके धान्य जास्त बसते. तोच व्यास ठेवून माप निम्म्या उंचीचे केले, तर शिगेचा वाटा सहाव्या हिश्शावर जातो. म्हणजे मापाच्या आकारातच नफा-तोटा दडलेला. पितळी माप उन्हात ३० अंश तापले, तर त्याचे आकारमान शेकडा एक पंचमांशही वाढत नाही. सर्वांत मोठी चूक कोणती, हे ओळखणे ही मोजणीतली पहिली अक्कल.

२१/
वजनाच्या बाजूला कंपनी सरकारने नाण्याचा आधार घेतला. १८३५ पासून सर्वत्र एकच रुपया झाला, वजन १८० ग्रेन. तेवढेच वजन एका तोळ्याचे, आणि ८० तोळ्यांचा एक शेर. वेगळी वजने नसली, तरी रुपये पारड्यात टाकून शेर सिद्ध करता येई. ‘रुपयाभार’ हा शब्द त्यातूनच रुजला. सोय मोठी होती. पण नाणे हातोहाती फिरते आणि झिजते. शेकडा एक झिजलेले ८० रुपये म्हणजे ७९.२ तोळे. तांबट त्यांनी मोड तोलून घेईल, तर तोटा त्याचा. त्यांनीच भांडे तोलून विकील, तर गिऱ्हाइकाचा. कोणीही फसवलेले नाही, तरी प्रमाणच सरकले आहे.

२२/
स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने आली. कायद्याने जुन्या-नव्याचा पूल बांधून दिला : एक तोळा ११.६६३८ ग्रॅम, एक शेर ०.९३३१० किलोग्रॅम. लोकांनी मात्र जुनी नावे नव्या मापांना चिकटवली. जळगावच्या सराफ बाजारात आज तोळा म्हटले, की १० ग्रॅम समजतात. आजीच्या कागदावरचे १० तोळे हे आजचे ११.६६ तोळे होतात. जमिनीतही तेच. एक गुंठा १.०१ आर असल्याने लोक दोघांना सहज एकच मानतात, आणि १०० गुंठ्यांना एक गुंठ्याहून अधिक जमीन हिशेबातून निसटते.

२३/
मग किलोग्रॅम तरी अढळ होता का? १८८९ पासून तो पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल होता. त्याची भारताकडील प्रत, क्रमांक ५७, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शतकभराने मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता; पाटणच्या बाजारात मठाचे माप चुकू शकत नव्हते, तसेच. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर बांधला गेला. त्या दिवशी १३० वर्षे ‘बिनचूक’ असलेल्या दंडगोलाच्या वजनापुढे प्रथमच अनिश्चितता लिहिली गेली : सुमारे १० मायक्रोग्रॅम.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेतून एक सवय घेता येईल. दप्तरात, बखरीत किंवा ताम्रपटात आकडा दिसला, की त्याची बेरीज करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे माप कोणते? ते प्रमाण कोणाच्या हाती होते? आणि ते किती चुकलेले असू शकते? बिघा दोराचा, की काठीचा. तोळा रुपयाभार, की १० ग्रॅमचा. पायली सपाट, की शिगेची, हे कळल्याशिवाय दोन काळांची तुलना करता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर बहुधा मिळत नाही. ते साधनावरून, उन्हावरून, मातीवरून आणि व्यवहारावरून आपल्यालाच काढावे लागते. तो रकाना जुन्या कागदांत रिकामा नव्हता. तो आखलेलाच नव्हता. आज तो आखता येतो. (समाप्त)